डावा गाल

३ मार्च, सोमवार

वाया गेलं. सगळं वाया गेलं.

साचा आज सकाळी फोडला. मामा हातोडीने हळूहळू प्लास्टर उडवत होता, मी ब्रशने झाडत होते. आधी कपाळ आलं, मग उजवा डोळा, उजवा गाल, हनुवटी — हुबेहूब आई! मामा तर हसायलाच लागला. बहीण ती त्याची. मग डावीकडचं प्लास्टर निघालं आणि तिथे काहीच नव्हतं. नाकाशी येऊन ब्राँझ संपलेलं. डावा डोळा नाही, गाल नाही, कान नाही. रस तिथवर पोचलाच नाही.

मामाने हातोडी खाली ठेवली. बोलला असता तर बरं झालं असतं.

काय झालं ते मला माहीत आहे. परवा रसाने भरलेली मूस भट्टीतून काढली. एका बाजूने मामा, एका बाजूने मी. ओतणार तेवढ्यात माझा फोन वाजला. नळाच्या मुठींचं गिऱ्हाईक! मूस वाळूवर टेकवली आणि मी फोन उचलला. का उचलला? "दोन मिनिटं" म्हणत बोलत राहिले. मामा म्हणाला, "रसावर साय धरतेय गं." मी हातानेच त्याला थांब म्हटलं.

थांब म्हटलं! रसाला!

नंतर साय काढली आणि ओतलं.

४ मार्च, मंगळवार

बाबांचा फोन. "साचा झाकून ठेवलायस ना?"

"हो," म्हटलं.

५ मार्च, बुधवार

ते 'हो' काल सहज निघून गेलं. आता परत कसं घ्यायचं?

बाबा आत्याकडे आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक डोळा झाला, दुसरा पुढच्या आठवड्यात. दवाखाना आत्याच्या गावात, म्हणून मुक्काम तिथेच. निघताना दहादा बजावून गेले — मी आल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही, ओतताना मी उभा राहणार. मी नंदीबैलासारखी मान डोलावली. आणि त्यांची पाठ फिरते न फिरते तोच साचा भट्टीत चढवला.

माझा हेतू वाईट नव्हता. डोळ्यांवरची पट्टी सुटेल, घरी येतील, कारखान्यात शिरतील आणि समोर आई — असं डोक्यात होतं. हे खरं आहे. पण अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की मला दाखवायचं होतं. तुमच्याशिवाय जमतं मला. इतकी वर्षं ऐकतेय, "तुझं काम म्हणजे बटण दाबायचं." म्हटलं, बघाच आता.

बघा आता.

७ मार्च, शुक्रवार

आज मामा बोलला. पंपाच्या साच्याची वाळू चाळता चाळता, माझ्याकडे न बघता. "वाळूत असती ना, तर संध्याकाळपर्यंत दुसरी काढली असती."

तेच तर. मामाचं काम वाळूचं. लाकडी नमुना वाळूत दाबायचा, अलगद काढायचा, उरलेल्या खड्ड्यात बिडाचा रस ओतायचा. बिघडलं तर एक शिवी हासडायची, वाळू मोडायची, तोच नमुना पुन्हा दाबायचा. माझ्या मशीनचं तर त्याहून सोपं. पोलादी साचा, दोन जबडे. ॲल्युमिनियमचा रस दाबाने आत जातो, जबडे उघडतात, नळाची मूठ बाहेर पडते. एक वाकडी निघाली तर मागे शंभर सरळ. बाबा मशीनसमोरून जाताना नाक मुरडतात. "ओकतंय बघ," म्हणतात.

बाबांचं काम मेणाचं. तिथे दुसरी संधी नाही. मेणाचा चेहरा करायचा, त्याच्याभोवती प्लास्टर ओतायचं, भट्टीत तापवायचं. मेण वितळून निघून जातं, आत राहते फक्त पोकळी. तिच्यात एकदा ओतायचं. मग साचाही फोडायचा. मेण गेलं, साचा गेला, हातात जे येईल ते तेवढंच.

शहाणी माणसं आधी मेणावरून रबराचा ठसा घेऊन ठेवतात. मी म्हटलंही होतं बाबांना, ठसा घेऊ या. चाकू न थांबवता म्हणाले, "तुझी आई एकच होती."



८ मार्च, शनिवार

मुठी, मुठी, मुठी. दिवसभर मशीन खटाखट जबडे उघडत होतं. गिऱ्हाइकाचा परत फोन. फार गोड माणूस. "त्या दिवशी मी अडचणीत तर नाही ना आणलं?" असं विचारलं. मी म्हटलं, छे हो.

१० मार्च, सोमवार

आईचा फोटो शोधला. सगळं घर उलथंपालथं केलं. आईला फोटोचं वावडं. कोणी कॅमेरा काढला की हिला दूध उतू जाताना दिसायचं. लग्नात पाहुण्यांच्या मागे, सहलीत झाडाच्या मागे. एकच सरळ समोरचा मिळाला, ओळखपत्राचा. त्यात ती अशी बघतेय, जणू कोणीतरी तिच्यावर चोरीचा आळ घेतलाय.

बाबांनी तिचा चेहरा फोटोवरून केलाच नव्हता. डोळ्यांना धड दिसत नव्हतं तरी आठवणीवर केला, बोटांनी. महिने लागले. रोज सकाळी मेणावर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "नाही, अजून ही रागावलेली नाही." त्यांना ती थोडीशी रागावलेली हवी होती. तशीच असायची ना ती!

आणि झाली. खरंच झाली. मेणात. पांढऱ्या कापडाखालून पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी, "आले, आले," म्हणून ओरडले होते, जणू तिने जेवायला हाक मारली. ती मी वितळवली.

११ मार्च, मंगळवार

मेण घेऊन बसले. म्हटलं, मीच करते. बाबांना कळणारही नाही.

झाली ती आत्या! नाक थोडं बसवलं तर शाळेतली गणिताची बाई. मामाने येऊन पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "हे कोण गृहस्थ?"

दोघंही हसलो. मग तो बाहेर जाऊन वाळू चाळत बसला आणि मी तो गोळा पातेल्यात टाकला.

१३ मार्च, गुरुवार

काल दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज भेटून आले.

ठरवून गेले होते. बसमध्ये वाक्य जुळवलं होतं — बाबा, मी ओतलं आणि बिघडलं. एवढंच. सोपं वाक्य आहे.

खिडकीशी बसले होते, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर हिरवा चष्मा. लहान मुलासारखे खुशीत. म्हणाले, भिंत पांढरी असते हे मी विसरलोच होतो गं, मला वाटायचं सगळ्या भिंती पिवळट. आत्याला म्हणाले, तू म्हातारी झालीस. आत्या म्हणाली, आरशात बघ आता एकदा.

मग माझ्याशी आईबद्दल बोलत बसले. आईच्या डाव्या गालावर लहानसा खळगा होता. मी जन्मायच्या आधी भट्टीतला थेंब उडून बसला होता तिथे, कारण बाबांनी ओल्या सळीने रस ढवळला होता. ओल्याला रस लागला की उडतो, हे पोरंटोरंही जाणतात. बाबा घाईत होते. आईने आयुष्यभर तो खळगा मिरवला. भांडण निघालं की नुसतं बोट गालावर ठेवायची. बाबा माघार घ्यायचे.

"तो सगळ्यात शेवटी केला," बाबा म्हणाले. "चाकूने नाही. अंगठ्याने. घरी आलो की आधी तो बघणार."

डावा गाल. तोच नेमका डावा गाल.

चहा प्यायले, बिस्किटं खाल्ली, बसमध्ये बसून परत आले. मी भित्री आहे. नालायक आहे. काय काय लिहू.

१५ मार्च, शनिवार

मामा म्हणतो, सांगून टाक. मी म्हणते, सांगते. तो म्हणतो, कधी. मी मशीन चालू करते, मग त्याचं काही ऐकू येत नाही.

१७ मार्च, सोमवार

साच्याचे तुकडे पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवलेत. जुनं प्लास्टर फेकायचं नसतं, कुटून पुढच्या साच्यात मिसळायचं, तो तडकत नाही मग. बाबांची पद्धत. पुढचा साचा! कोणाचा?

पोत्याकडे बघितलं की ते दिवस आठवतात. आईचं मेण तयार झालं आणि काड्या लावायची वेळ आली. या काड्याही मेणाच्याच. एक जाड, तिच्यातून रस आत शिरतो. बाकीच्या बारीक, वारं बाहेर पडायला. काडी चेहऱ्याला नीट टेकलेली पाहिजे. मेण वितळलं की तिच्या जागी भोक राहतं आणि रस आत येताना पोकळीतलं वारं तिथून निघून जातं. टेकलेली नसली तर मधे प्लास्टर शिरतं, वाट बंद होते. वारं कोंडलं की रस तिथे जात नाही.

मी म्हटलं होतं, बाबा, काड्या मी लावते, तुम्हाला दिसत नाही. हातावर चापटी मारली. "काड्या मीच लावणार. ज्या दिवशी माझी काडी चुकेल ना, त्या दिवशी चाकू तुझ्या हातात देईन आणि मेणाला पुन्हा हात लावणार नाही. लिहून घे."

चाचपत चाचपत लावल्या एकेक. उजव्या बाजूच्या, डाव्या बाजूच्या, कानामागची. दुपार गेली त्यात. त्यांनी अंधारात एवढं केलं आणि मला उजेडात एक फोन बाजूला ठेवता आला नाही.

१९ मार्च, बुधवार

उद्या येतायत.

२० मार्च, गुरुवार

सांगितलं.

बस आली, उतरले, पिशवी मामाच्या हातात दिली आणि घरात न जाता सरळ कारखान्याकडे चालू लागले. मी मागे. दारातच म्हटलं, "बाबा, थांबा." थांबले. ते वाक्य काही आलं नाही. वेगळंच आलं. "मी वाट बघितली नाही. मी ओतलं. आईचा डावा गाल आला नाही."

बाबा तसेच उभे. नवे डोळे माझ्यावर. मला वाटलं होतं चिडतील, तर नाही. विचारलं, "मेण?"

काय विचारायचं त्यात. मेण गेलं हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत. तरी विचारलं. जणू यावेळी उरलं असेल.

"गेलं," म्हटलं.

घराकडे वळले. कारखान्यात आलेच नाहीत. मी त्यांची पिशवी उघडली, कपडे धुवायला काढले. तळाशी आत्याने दिलेला छोटा आरसा होता आणि मऊ पिवळं कापड. ब्राँझ पुसायला आणलं होतं.

२१ मार्च, शुक्रवार

बोलत नाहीत. जेवतात. ताट उचलून मोरीत ठेवतात. मी समोर बसले की खिडकीबाहेर बघतात. एवढे चांगले डोळे आलेत, आणि माझ्याकडे बघायला वापरत नाहीत.

२२ मार्च, शनिवार

तेच.

२४ मार्च, सोमवार

आज कारखान्यात आले. स्टुलावर बसले, म्हणाले, "आण."

अर्धी आई समोर ठेवली. आधी उजवा गाल पाहिला. खूप वेळ. मग जिथे ब्राँझ संपतं तिथे कडेवरून अंगठा फिरवला. जवळचं अजून धड दिसत नाही, वाचायचा चष्मा महिन्याने मिळणार, म्हणून अंगठाच.

"कड गोल आहे," म्हणाले. "रस वाटेत थिजला. थंड होता?"

मामा मधेच बोलला, "नाहीतर वारं कोंडलं असेल, दाजी."

"वारं कसं कोंडेल? काड्या मी लावल्यात."

मी सगळं सांगितलं. फोन, मूस खाली ठेवलेली, साय, मामाला हाताने थांबवलं तेही. काही लपवलं नाही. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. शरमेने नुसती तापले.

बाबांनी ऐकून घेतलं. आणि मग सुटले! बाप रे! तुला काही कळतं का, तुझ्या मुठी काय पळून चालल्या होत्या का, तुझी आई असती तर फोन मुशीत टाकला असता आधी. मामालाही सोडलं नाही. तू काय बघत बसलास, साय खायला थांबलास? बोलून बोलून घसा बसला. मी पाणी दिलं. प्यायले आणि उरलेलं बोलले.

मी खाली मान घालून ऐकत होते. जन्मात पहिल्यांदा उलट उत्तर दिलं नाही. अजून बोलले असते तरी चाललं असतं.

२६ मार्च, बुधवार

सकाळी कारखाना उघडला तर बाबा आधीच आत. गॅसवर पातेलं, पातेल्यात मेण.

"बघतेस काय? मेण पसरायचा पत्रा पूस. या वेळी ओतताना मी उभा राहणार. फोन घरी ठेवायचा. तुझा भरवसा नाही."

"बरं," म्हटलं.

अर्धी आई त्यांनी खिडकीत उभी केलीय, उजवी बाजू बघायला. डावी परत आठवायची. जवळचं दिसत नाही, बोटांनीच करतायत. काल मामाला म्हणत होते म्हणे, "पोरीने घाण केली म्हणून काय मी हात टेकू? माझा हात तर चुकला नाही ना."

ऐकून इतकं बरं वाटलं. आणि इतकं वाईट.

३१ मार्च, सोमवार

रागावायला लागली. आई. आज दुपारी एकदम. बाबांनी खालचा ओठ जरासा आत ढकलला आणि मामा म्हणाला, "आली बघा. आता पाय पुसून आत या म्हणेल."

बाबा दिवसभर मला टोचत असतात. फोन कुठाय, फोन कुठाय. मी खिसे उलटे करून दाखवते. खुशाल टोचा. मशीन बंद ठेवलंय, गिऱ्हाइकाला सांगितलं आठवडाभर मुठी मिळणार नाहीत. तो म्हणाला, घरी काही अडचण? म्हटलं, नाही, आई येतेय.

काय बोलून गेले!

३ एप्रिल, गुरुवार

खळगा झाला. अंगठ्याने. आम्हाला दोघांना बाहेर काढलं होतं तेव्हा.

आता काड्या. मी विचारलंही नाही. बाबाच लावतायत.

४ एप्रिल, शुक्रवार

नव्या साच्यासाठी जुनं प्लास्टर कुटायला घेतलं. पोत्यातून एक मोठा तुकडा निघाला, डाव्या कानामागचा. बाहेरून वारं काढायचं भोक दिसत होतं. भोकात तार घातली. आरपार जायला हवी. गेली नाही. उलटून पाहिलं. भोक आणि आईचा कान यांच्यामधे प्लास्टर होतं. नखाएवढं. काडी टेकलीच नव्हती.

मग बाकीचे तुकडे काढले. उजवीकडची सगळी भोकं आरपार. तोच थंड रस तिथे पुरा पोचला होता.

सुटले, असं वाटलं. क्षणभरच. मागे बाबा मेणाशी बोलत होते, "हिच्या फोनपायी तुला दोनदा यावं लागलं बघ."

तुकडा खलात टाकला. पीठ होईपर्यंत कुटला. नव्या प्लास्टरच्या पोत्यात मिसळला. मग दोघं जेवायला गेल्यावर दार लोटलं, बॅटरी घेतली आणि नव्या काड्या एकेक तपासल्या. डाव्या कानामागची टेकत नव्हती.

टेकवली. हात धुतले आणि जेवायला गेले.